पाण्यावर सावली दिसते, पण फोटोत येत नाही

"ताई, सावली समोर स्पष्ट दिसत होती हो. घरी येऊन फोटो बघितला तर नुसतं आभाळ."

पुण्यात फोटो काढणाऱ्या माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने हे मला कधी ना कधी सांगितलंय. फोटोही सारखेच असतात. चकाकणारं पाणी, त्यात ढग, खालच्या कोपऱ्यात एक करडा डाग. तो डाग म्हणजे माणूस आहे हे तोंडाने सांगावं लागतं. पुढच्या रविवारी तीच मंडळी त्याच जागी, त्याच वेळी जातात आणि तसाच फोटो घेऊन परत येतात. मधल्या काळात कोणी लेन्स बदललेली असते, कोणी कॉन्ट्रास्ट वाढवून बघितलेला असतो.

हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. भिंतीवरची सावली आकृती दाखवून गप्प बसते. पाण्यावरची हलते, तुटते, पुन्हा जुळून येते. म्हणूनच चार-पाच वेळा हात हलवत परत आल्यावर कोणी हा नाद सोडून दिला की मला वाईट वाटतं. बिघाड शोधताना मी ज्या क्रमाने बघते, त्याच क्रमाने लिहिते आहे. कॅमेऱ्याचा नंबर त्यात बराच नंतर लागतो.

आधी बघा, सावली पडली कशावर?

"पाण्यावर सावली पडली" असं आपण सहज म्हणतो, पण नितळ पाण्याच्या पृष्ठभागावर सावली पडतच नाही. सावली दिसायला उजेड झेलून तो सगळीकडे पसरवणारं काहीतरी लागतं. भिंत, माती, कापड, कागद हे काम करतात. नितळ पाणी तसं करत नाही. ते थोडा उजेड आरशासारखा एकाच दिशेने परत पाठवतं आणि बाकीचा आत सोडतं. सरळ वरून येणाऱ्या उजेडातला जेमतेम २ टक्के परत फिरतो. उरलेल्या उजेडाला आत काही भेटलं तरच सावली उमटते.

खात्री करायची असेल तर गच्चीत एक प्रयोग करा. काळं प्लास्टिकचं घमेलं घ्या, नळाचं पाणी भरा, उन्हात ठेवा आणि वर हात धरा. घमेल्याच्या काठावर हाताची सावली दिसेल, पाण्यावर दिसणार नाही. आता त्यात चमचाभर दूध टाका. दूध आधी पांढऱ्या धाग्यांसारखं खाली उतरतं, मग धागे विरतात आणि पाणी हलकं धुरकट होतं. तो हात पुन्हा धरा. पाचही बोटांची सावली पाण्यात उभी राहते. उभी म्हणजे खरोखर उभी. कागदावरच्यासारखी सपाट नाही, तर वरून खालपर्यंत गेलेल्या काळ्या पडद्यासारखी. मी हे पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी अर्धा लिटर दूध संपवलं आणि दुपारचा चहा बिनदुधाचा प्यायले.

म्हणजे जागेवर पोचल्यावर पहिला प्रश्न हाच. इथे उजेड झेलणारं काय आहे? उथळ आणि स्वच्छ पाण्यात तळ असतो. पावसाळ्याच्या तांबड्या पाण्यात माती असते. सारसबागेच्या तळ्यासारख्या हिरवट पाण्यात शेवाळाचे बारीक कण असतात, शिवाय पाण्यावर तरंगणारी पानं. यातलं काहीच नसेल, पाणी खोल आणि नितळ असेल, तर तिथे प्रतिबिंबाचा फोटो काढा. सावली मिळणार नाही. धरणाच्या काठाला खोल पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसाची सावली शोधण्यात कितीतरी जणांच्या सकाळी वाया गेल्या आहेत.

चित्रकार क्लोद मोने यांचा १९०५ च्या सुमाराचा एक फोटो आहे. त्यांच्या बागेतल्या कमळांच्या तळ्यावर पडलेली स्वतःच्या डोक्याची सावली, टोपीसकट. तळं कमळाच्या पानांचं होतं हे विसरू नका. सावली झेलायला तिथे काहीतरी होतं.

माझी सावली दिसते, शेजारच्याची दिसत नाही

ही तक्रार ऐकली की मला आनंद होतो, कारण ती करणारा माणूस नीट बघतोय. घमेल्यातला काळा पडदा आठवा. पाणी दाट गढूळ असेल, पहिल्या पुरानंतरच्या मुठेसारखं, तर उजेड आत फारसा शिरतच नाही. सावली वरच्या वर पसरते आणि कुठूनही, कोणाचीही दिसते. पण पाणी थोडंसंच धुरकट असेल तर सावली ही पाण्यात आत गेलेली एक अंधारी पोकळी असते. स्वतःच्या डोक्याच्या सावलीकडे बघताना तुम्ही त्या पोकळीच्या नेमक्या दिशेने आत बघता, म्हणून ती काळीभोर दिसते. शेजाऱ्याची पोकळी तुम्हाला बाजूने दिसते. तिच्या पुढचं आणि मागचं उजळ पाणी मध्ये येतं आणि आकृती पुसट होते.

उपाय सोपा आहे. ज्याची सावली हवी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा आणि कॅमेरा त्याच्या कानाजवळ न्या. जमत असेल तर त्याच्याच हातात कॅमेरा द्या. अशा पाण्यात डोक्याच्या सावलीभोवती किरण फुटलेले दिसतात तेही याच कारणाने. लाटांमधून आत उतरणारे उजेडाचे पट्टे समांतरच असतात, पण लांब जाणारे रेल्वेचे रूळ जसे एका ठिकाणी मिळाल्यासारखे वाटतात तसे ते तुमच्याच डोक्याच्या सावलीशी मिळतात. शेजारी उभ्या असलेल्याला ते त्याच्या डोक्याभोवती दिसतात. दोघांच्या डोक्यांभोवती किरण एकाच फोटोत हवेत असा हट्ट धरू नका, ते शक्य नाही.

सकाळी सातची सवय

आता खरं दुखणं. माझ्या अनुभवात बहुतेक फोटो इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोवळं ऊन, लांब सावल्या, सोनेरी उजेड. फोटोग्राफीच्या पहिल्याच धड्यात हे मनावर ठसतं, आणि जमिनीवर ते बरोबरही आहे. पाण्यावर ते उलटं पडतं. सूर्य, तुमचं डोकं आणि डोक्याची सावली एका सरळ रेषेत असतात. म्हणजे सूर्य क्षितिजाच्या १० अंश वर असेल तर तुमच्या डोक्याची सावली क्षितिजाच्या १० अंश खाली दिसणार. इतक्या तिरक्या नजरेने बघितलं की पाण्याचा आरसा होतो. त्या कोनात ते समोरच्या आभाळाचा एक तृतीयांशाहून जास्त उजेड तुमच्याकडे परत पाठवतं. सावली तिथे असते, पण तिच्यावर आभाळाची चादर पसरलेली असते. शिवाय त्या तिरक्या उन्हाचाही तेवढाच भाग वरच्या वर निसटतो, त्यामुळे पाण्यात उजेड कमी उतरतो आणि सावली आधीच फिकी पडते.

नजर क्षितिजाखाली ३७ अंशांवर आणली की परावर्तन ४ टक्क्यांच्या आसपास येतं. शिवाय या कोनात आणखी एक गोष्ट घडते. परत येणारा उजेड पूर्णपणे एकाच प्रतलात कंप पावणारा असतो, आणि म्हणूनच पोलरायझर, म्हणजे लेन्ससमोर लावून फिरवायचा चकाकी अडवणारा फिल्टर, तो जवळजवळ सगळा अडवू शकतो. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी हा नियम १८१५ मध्ये मांडला. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा, की सूर्य साधारण ३७ अंश वर असताना तुमच्या डोक्याची सावली बरोबर अशा जागी पडते जिथे पाणी फारसं चकाकत नाही आणि पोलरायझर सर्वांत जास्त चालतो.

पुण्यात ही वेळ डिसेंबर-जानेवारीत सकाळी सव्वादहा-साडेदहाला येते, मार्चच्या उत्तरार्धात सव्वानऊनंतर आणि मेमध्ये पावणेनऊच्या सुमारास. दुपारी ती परत येते. थंडीत पावणेतीन-तीनला, मार्चमध्ये चारला, मेमध्ये सव्वाचारला. घड्याळ बघायचं नसेल तर तीन फुटांची काठी जमिनीवर सरळ उभी धरा. सावली चार फूट भरली की वेळ झाली. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड पाण्यात शिरताना किती वाकतो त्याचं माप, १.३३ आहे आणि चार भागिले तीन म्हणजेही १.३३. तो योगायोग नाही, ब्रूस्टर यांच्या नियमातूनच हा आकडा येतो. गणितातली इतकी सुबक गोष्ट नदीकाठी काठी घेऊन तपासता येते याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

सकाळ आणि दुपार यांत निवड करायची तर मी सकाळ घेते. थंडीत दहापर्यंत पाणी शांत असतं, दुपारी वारा त्याला स्वस्थ बसू देत नाही.

कोवळ्या उन्हाचा रंग हवाच असेल तर एक वाट आहे. कॅमेरा माणसाजवळून काढून उंच जागी न्या, घाटाच्या वरच्या पायरीवर वगैरे, आणि तिथून सावलीकडे तिरकस खाली बघा. हे फक्त दाट गढूळ पाण्यावर किंवा उथळ तळावर जमतं. हलक्या धुरकट पाण्यात पुन्हा त्या काळ्या पोकळीचीच अडचण येईल.

उलट टोकही सांगून ठेवते. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या आसपास. तेव्हा सावली पायाशी गोळा होते आणि वरून बघितलं तर सूर्याचं प्रतिबिंबही तिथेच चमकतं. कॅमेऱ्यात पांढरा गोळा येतो. त्या दिवसांत भर दुपारी जाऊ नका.

पोलरायझर लावला तरी चकाकी राहते

तीन गोष्टी तपासा. फिल्टर नुसता लावून भागत नाही, तो फिरवावा लागतो. दुसरं, कॅमेरा आडव्याचा उभा केला की फिल्टरही त्याच्याबरोबर ९० अंश फिरतो आणि आत्तापर्यंत अडवलेली चकाकी पूर्ण आत येते. फ्रेम उभी केली की फिल्टर पुन्हा जुळवा. ही चूक सगळ्यांत जास्त वेळा होते. तिसरं, फार वाइड लेन्स वापरू नका. २४ मिलिमीटरच्या फ्रेममध्ये वरच्या आणि खालच्या पाण्याच्या कोनात इतका फरक असतो की मधला पट्टा स्वच्छ येतो आणि वर-खाली आभाळ उरतं. ५० मिलिमीटर बरी. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तो हिशोबात धरा.

पोलरायझर नसेल तर चकाकीचा रंग बदला. पाण्यात कशाचं प्रतिबिंब येतंय ते बघा आणि दोन-चार पावलं सरकून सावलीच्या जागी आभाळाऐवजी काळ्या दगडी भिंतीचं किंवा दाट झाडाचं प्रतिबिंब आणा. गडद वस्तूचं प्रतिबिंब सावलीवर फारसा उजेड टाकत नाही. ओंकारेश्वराजवळ किंवा विठ्ठलवाडीच्या घाटाशी हे चांगलं साधतं, काठाची गडद बाजू आयती मिळते.

एक वेगळंच कारण माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत सापडलं. तिला प्रत्येक वेळी सावली डोळ्यांना स्वच्छ दिसायची आणि फोटोत कधीच यायची नाही. महिनाभर आम्ही कॅमेऱ्याची सेटिंग्ज उलटसुलट केली. शेवटी लक्षात आलं, तिचा गॉगल पोलराइज्ड होता. डोळ्यांसाठी चकाकी अडवली जात होती, लेन्ससाठी नाही. तुमचाही गॉगल तसा असेल तर काढून बघा, आणि मोबाइलने काढत असाल तर तोच गॉगल लेन्ससमोर धरून फिरवा. सावली ज्या क्षणी गडद होते तिथे थांबा.

मोबाइल सावली उजळवतो

हे अलीकडचं दुखणं. मोबाइल स्वतःहून एचडीआर लावतो आणि अंधारा भाग वर उचलतो. माणसाचा चेहरा काढताना ते ठीक, इथे तो अंधारा भाग हाच आपला विषय आहे. एचडीआर बंद करा, सावलीच्या बाहेरच्या उजळ पाण्यावर बोट ठेवून एक्स्पोजर लॉक करा आणि खाली ओढा. कॅमेऱ्यातही तेच. मीटर गडद पाणी बघून फोटो उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ते उणे १ ठेवा. सव्वादहाच्या उन्हात पोलरायझरसकट मी आयएसओ ४००, एफ ८ आणि १/५०० सेकंदापासून सुरुवात करते.

फोकस हाही त्रास देतो, कारण पाण्यात ढग दिसत असेल तर कॅमेरा ढगावर फोकस करतो, पाण्यावर नाही. एक पान सोडा, पिंपळाचं किंवा कशाचंही, ते सावलीच्या जागी तरंगत आलं की त्यावर फोकस करून मॅन्युअलवर टाका. तळावरची सावली असेल तर तळाच्या दगडावर फोकस करा. पाण्याची खोली टेपने मोजून आकडा लावू नका. वरून बघताना पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच दिसतं.

पुलावरून सावलीच्या कडा विरतात

उंच पुलावरून काढलेल्या सावलीला डोकंच नसतं अशी तक्रार येते. लेन्सला दोष देऊ नका. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात तो साधारण अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे सावलीची कडा अंतराच्या साधारण शंभराव्या भागाइतकी पसरते. १० मीटरवर नऊ सेंटिमीटरहून जास्त. माणसाचं डोकं १५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद धरलं तर १६ मीटरवर त्याची गडद सावली संपते, नुसता फिका धब्बा उरतो. आणि हे अंतर तिरकं मोजायचं. सूर्य ३० अंशांवर असेल तर ८ मीटर उंचीवरूनच १६ मीटर होतात.

म्हणून मला भिडे पूल आवडतो. तो बुटका आहे आणि खालचं पाणी सावली झेलण्याइतकं गढूळ असतं. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावली उत्तरेच्या अंगाला पडते. त्या बाजूच्या कडेला उभे राहा. कुठल्याही उंच पुलावरून फोटो घ्यायचाच असेल तर डोकं सोडा, मोठ्या आकृत्या घ्या. उघडलेली छत्री, सायकल धरून उभा असलेला माणूस, पसरलेले हात. पावसाळ्यात मात्र खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. पाणी सोडणार असल्याची सूचना आली असेल तर नदीपात्रात उतरू नका, पुलाच्या आसपासही थांबू नका.

पाषाण तलावाच्या जलपर्णीबद्दल अनेकजण विचारतात. सावली तिथे येते, धारदार येते, पण पानापानांवर तुटून. ती झुडपावरची सावली दिसते, पाण्याची राहत नाही. मला तरी ती भावत नाही.

एक फोटो जमला, तो कसा

गेल्या जानेवारीत मावशीला घेऊन खडकवासल्याच्या फुगवट्याच्या काठी गेले होते. ती अडुसष्ट वर्षांची आहे. चप्पल हातात धरून काठावर उभी राहिली. तिच्यासमोर घोटा ते गुडघाभर पाणी, अगदी नितळ, खाली बारीक फिकट गाळ. म्हणजे झेलणारा पडदा तळाचा. मी तिच्या उजव्या खांद्याला चिकटून उभी होते. सव्वादहाला काठी उभी केली, सावली चार फुटांच्या जरा वर होती, म्हणून थांबलो.

पाणी पूर्ण स्थिर नव्हतं. प्रत्येक लहान लाट भिंगासारखी उजेड गोळा करत होती आणि तळावर सोन्याच्या तारांची जाळी हलत होती. मावशीच्या सावलीच्या कडेला येऊन ती जाळी तुटायची. पदराची कडा वाऱ्याशिवायही थरथरत होती, कारण ती वरच्या पाण्यातून वाकून खाली उतरत होती. बोटभर लांबीचे तीन-चार मासे फिरत होते, प्रत्येकाच्या खाली त्याची स्वतःची छोटी सावली. मासा मावशीच्या सावलीत शिरला की त्याची सावली नाहीशी व्हायची. मासा पोहतच राहायचा, सावली सोडून. पलीकडच्या कडेने बाहेर पडला की ती पुन्हा त्याला येऊन मिळायची. मी कॅमेरा खाली करून तेच बघत बसले, मावशीनेच विचारलं, "अगं, काढतेस की नाही?"

आधी १/१५ सेकंदाने काढलं. जाळी मऊ दुधासारखी झाली, मासे गेले. मग १/८०० केलं, आयएसओ वाढवून. अकरा फ्रेम काढल्या. नऊ फोटोंत पदराची कडा आणि मासे वेगवेगळ्या क्षणी होते. दहाव्यात दोन मासे चपलेच्या सावलीपाशी आलेत, एक आत, एक बाहेर, आणि बाहेरच्याच्याच खाली सावली आहे. अकराव्यात मावशी हलली होती.

पावणेअकराला वारा सुटला, तळावरची जाळी विस्कटली आणि आम्ही डबा उघडला.